'कदम कदम'ची चाल बांधणारा बँडमास्तर : कॅप्टन राम सिंह ठाकुरी

बऱ्हाणपूर : पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, परेडला बँड कुठली धून धरणार हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. 'कदम कदम बढाये जा'. ढोलाचा पहिला ठोका पडला की पाय आपोआप उचलतात. नेताजींचं गाणं, आझाद हिंद फौजेचं गाणं, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण चाल कोणाची, असं विचारलं की बहुतेक मंडळी गप्प बसतात.

चाल राम सिंह ठाकुरी यांची. गोरखा पलटणीच्या बँडमध्ये पोरवयात भरती झालेला हा माणूस पुढे आझाद हिंद फौजेत कॅप्टन झाला आणि नंतर उत्तर प्रदेशात पोलिसांचा बँडमास्तर म्हणून पंचवीसहून जास्त वर्षं राबला. इंग्रजांनी पदक दिलं, नेताजींनी दिलं, राज्यपालांनी दिलं, राष्ट्रपतींचं पोलीस पदकही मिळालं. एवढं सगळं जमेला असताना म्हातारपणी मात्र आपण स्वातंत्र्यसैनिक आहोत हे सिद्ध करायला त्यांना सरकारशी भांडावं लागलं. त्यांची गोष्ट सांगायची ती यासाठी.

धर्मशाळेचा पोरगा

जन्म १५ ऑगस्ट १९१४ चा. तारीख बघा. देश स्वतंत्र व्हायला अजून तेहतीस वर्षं होती. गाव खनियारा, हिमाचलातल्या धर्मशाळेजवळ. घराणं मूळचं पिथौरागढकडचं, मुनाकोट गावचं. आजोबांच्या वेळी हे कुटुंब धर्मशाळेला येऊन राहिलं. धर्मशाळा म्हणजे पहिल्या गोरखा रायफल्सचं ठाणं. तिथल्या घरांत पोरगा मोठा झाला की पलटणीत जाणार, हे ठरलेलंच.

राम सिंह १९२८ साली, चौदाव्या वर्षी, २/१ गोरखा रायफल्समध्ये 'बॉय' म्हणून भरती झाले. बंदूक धरायचं वय नसलेल्या पोरांना सैन्यात तेव्हा असं घेत. त्यातली बरीच बँडकडे जात. सकाळी कवायत, दुपारी बिगुल, संध्याकाळी वाद्यं पुसणं, असा तो शिकाऊ काळ.

लष्करी बँडबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण लग्नाच्या वरातीतला बँड आणि हा बँड यांत फरक आहे. सैन्यात दोन तऱ्हेचे बँड. एक ब्रास बँड, म्हणजे पितळी तुताऱ्या, क्लॅरिनेट वगैरे. दुसरा पाइप बँड, म्हणजे काखेत पिशवी धरून वाजवायचा बॅगपाइप आणि सोबत ड्रम. बॅगपाइप स्कॉटलंडचा. स्कॉटिश पलटणींच्या सहवासात तो गोरखा, गढवाली, शीख पलटणींत शिरला आणि असा रुजला की आज तो परका वाटतच नाही. या वाद्यात सूर जेमतेम नऊ. पिशवीतली हवा चालू असेपर्यंत आवाज तुटत नाही, त्यामुळे मधे दम घ्यायलाही जागा नसते. जी धून एवढ्या अडचणीत नीट बसते तीच पाइप बँडवर टिकते. 'कदम कदम' ब्रासवर वाजते आणि पाइपवरही वाजते.

आणि एक. बँडवाले फक्त परेडपुरते, हा समजही चुकीचा. लढाई सुरू झाली की वाद्यं बाजूला ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलणं हे जुन्या काळापासून बँडवाल्यांचं काम आहे. गोळी त्यांनाही तशीच लागते.

पलटणीत राम सिंह इंग्रज उस्तादांकडून ब्रास बँड, स्ट्रिंग बँड, नाचाच्या बँडचं संगीत शिकले. व्हायोलिन कॅप्टन रोझ नावाच्या अधिकाऱ्याकडून शिकले. पाश्चात्त्य नोटेशन वाचता-लिहिता येऊ लागलं. पुढं हेच कामाला आलं, कारण डोक्यातली चाल कागदावर उतरवून वीस-पंचवीस वादकांत वाटून देता येणं ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना जमत होती. वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांतही पलटणीबरोबर ते होते. १९३७ साली किंग जॉर्ज सहावे यांच्या नावाचं पदक मिळालं. १९४१ पर्यंत कंपनी हवालदार मेजर झाले. म्हणजे इंग्रजांच्या नोकरीत त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं.

मलाया आणि सिंगापूर

त्याच वर्षी पलटण मलायाला गेली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी हल्ला केला आणि २/१ गोरखा रायफल्सवर जी आफत आली ती फार वाईट होती. जित्राजवळ असून इथं ११ डिसेंबरला जपानी रणगाडे थेट पलटणीच्या अंगावर आले. गोरख्यांकडे रणगाड्याला थोपवेल असं काही नव्हतं. त्यातून जे वाचले ते मागं हटत राहिले. ७ जानेवारी १९४२ ला स्लिम नदीजवळ रस्त्यानं चालत असताना मागून पुन्हा रणगाडे आले. पलटण म्हणून जवळपास काहीच उरलं नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांवर हिंदी सैनिकांना गोळा करून जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. इंग्रज अधिकारी वेगळे, हिंदी सैनिक वेगळे. ज्यांच्यासाठी लढलो त्यांनीच यादी करून दुसऱ्याच्या हातात दिलं, ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली. कॅप्टन मोहन सिंग यांनी तिथं आझाद हिंद फौजेची हाक दिली. गेले ते गेले, राहिले ते कैदी राहिले. दोन्हीकडच्यांचे हाल झाले. इथं बसून त्यांना बरं-वाईट ठरवणं सोपं आहे.

राम सिंह गेले. पण ही पहिली फौज मोहन सिंग आणि जपानी यांच्यात बिनसल्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये मोडली. पुढचे काही महिने सगळंच अधांतरी होतं.

नेताजींचं व्हायोलिन

२ जुलै १९४३ ला नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला पोचले. आपल्या भागाला नेताजी काही नवे नव्हते. १९३२ मध्ये ते सिवनी आणि जबलपूरच्या तुरुंगात होते आणि १९३९ ला त्रिपुरी काँग्रेसला अध्यक्ष म्हणून तापानं फणफणत, स्ट्रेचरवरून आले होते. चार वर्षांत तोच माणूस जर्मनी करून पाणबुडीनं पूर्वेकडे आला होता. ३ जुलैला त्यांच्या स्वागताला राम सिंह यांनी चाल लावलेलं गीत वाजलं. नेताजी खूश झाले आणि त्यांनी राम सिंह यांना एक व्हायोलिन भेट दिलं. हे व्हायोलिन राम सिंह यांनी जन्मभर सांभाळलं. लखनौला भेटायला येणाऱ्यांना ते त्याच्यावरच वाजवून दाखवत.

फौज म्हणजे नुसत्या बंदुका नव्हेत हे नेताजींना पक्कं कळत होतं. फौजेत शीख, मुसलमान, गोरखे, मराठे, तमिळ असे सगळे. रबराच्या मळ्यांतून आलेले मजूरही होते, त्यांनी तोवर हातात बंदूक धरली नव्हती. सगळ्यांना एका पावलात आणायचं तर एक बोली पाहिजे आणि एक ताल पाहिजे. बोली हिंदुस्तानी ठरली. ताल देण्याचं काम बँडवर आलं, म्हणजे राम सिंह यांच्यावर.

'कदम कदम'चे शब्द लखीमपूर खिरीचे कवी वंशीधर शुक्ल यांचे, चाल राम सिंह यांची. गाणं फौजेत वणव्यासारखं पसरलं. युद्धानंतर इंग्रजांनी ते राजद्रोही ठरवून त्यावर बंदी घातली होती, ती ऑगस्ट १९४७ मध्ये उठली.

दुसरं काम याहून जड होतं. आझाद हिंद सरकार स्थापन व्हायचं होतं आणि सरकारला राष्ट्रगीत हवं. रवींद्रनाथांचं 'जन गण मन' नेताजींना आवडत होतंच, जर्मनीत असताना १९४२ मध्ये हॅम्बर्गला ते ऑर्केस्ट्रावर वाजवूनही घेतलं होतं. पण ते संस्कृतप्रचुर बंगालीत. साध्या शिपायाला कळेल असं हिंदुस्तानी रूप पाहिजे होतं. ते मुमताज हुसेन यांनी आणि हैदराबादचे आबिद हसन यांनी तयार केलं. तेच 'शुभ सुख चैन'. चाल बसवायला राम सिंह. फौजेची माणसं सांगत आली आहेत त्याप्रमाणे नेताजींची अट अशी होती की हे गाणं कॅथे इमारतीत वाजलं की इमारत दुभंगून वर आभाळ दिसलं पाहिजे. कॅथे ही तेव्हाची सिंगापूरमधली सगळ्यात उंच इमारत. तिथंच २१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली आणि तिथंच हे गीत वाजलं.

त्या सरकारात फौजेच्या वतीनं बसलेल्यांत एक मराठी माणूस होता. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, मूळचे मराठा पलटणीचे अधिकारी. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात उपमंत्री झाले. राम सिंह यांना फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि नेताजींच्या हातून सुवर्णपदकही.

राष्ट्रगीताची चाल कोणाची

इथं एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण मोबाइलवर दर पंधरा ऑगस्टला भलतंसलतं फिरत असतं. राष्ट्रगीताची चाल राम सिंह यांची, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. ते तसं नाही. 'जन गण मन' २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गायलं गेलं तेव्हा राम सिंह जन्मलेच नव्हते. १९१९ मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीला मार्गारेट कझिन्स यांनी रवींद्रनाथांकडून ऐकून त्या चालीचं नोटेशनही लिहून ठेवलं. तेव्हा चाल रवींद्रनाथांचीच.

मग राम सिंह यांचं काय? त्यांचं काम म्हणजे ती संथ, प्रार्थनेसारखी चाल लष्करी बँडवर उभी करणं. कुठलं वाद्य कधी उचलणार, ठोका कुठं पडणार, शेवट कसा चढवायचा. लष्करी बँडवरच्या ठसक्यात ती धून हजारो शिपायांच्या कानात बसली ती सिंगापुरात. पुढं स्वतंत्र भारतानं अधिकृत वाद्यरचना इंग्रज संगीतकार हर्बर्ट मरिल यांच्याकडून करून घेतली. राम सिंह शेवटपर्यंत आपल्या रचनेचा हक्क सांगत राहिले. दावा अंमळ मोठा होता हे मान्य. पण ते म्हणत होते त्यातलं खरं तेवढंसुद्धा जमेला धरलं गेलं नाही, हेही खरं.

बँडवर बसतं की नाही हा प्रश्न तेव्हा किती महत्त्वाचा होता ते मराठी वाचकाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांवरून कळेल. 'वंदे मातरम्' बँडवर वाजू शकत नाही हा आक्षेप खोडायला त्यांनी पोलीस बँडवर ते बसवून घेतलं, दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवलं. तरी २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत ठरलं 'जन गण मन'. मास्टर कृष्णराव आणि राम सिंह, दोघांनीही एकाच कामाला हात घातला होता. गाणं गळ्यातून काढून पलटणीच्या पायात घालायचं.

लाल किल्ला

जानेवारी १९४४ मध्ये फौजेचं मुख्यालय रंगूनला गेलं. इंफाळ, कोहिमा, माघार, पाऊस, उपासमार, हा सगळा इतिहास माहीत असलेला. १९४५ मध्ये रंगून पडल्यावर फौजेची माणसं कैद झाली. राम सिंह यांना दिल्लीला आणून काबूल लाइन्सच्या छावणीत ठेवलं. लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल, धिल्लन यांच्यावर खटला चालला तो याच काळात. छावणीत कैद्यांना भेटायला गांधीजी आले तेव्हा राम सिंह यांनी त्यांना आपलं संगीत ऐकवलं.

सुटका झाली पण नोकरी गेली. इंग्रजांनी फौजेच्या माणसांना सैन्यातून काढून टाकलं, अडकलेला पगार जप्त केला. स्वतंत्र भारताच्या सरकारनंही त्यांना सैन्यात परत घेतलं नाही. ज्यांनी इंग्रजांची वर्दी टाकली नाही त्यांच्यावर अन्याय नको, सैन्यात फूट नको, हा विचार. विचार समजतो. पण ज्यांच्या घरची चूल त्यामुळे विझली त्यांना तो कसा समजवणार?

तरीही ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर नेहरूंनी तिरंगा फडकवला तेव्हा वाजवायला राम सिंह आणि त्यांचे साथीदार होते. (लाल किल्ल्यावरचं पहिलं झेंडावंदन १६ ऑगस्टचं, हे अनेकांना माहीत नसतं.) दोन वर्षांपूर्वी ज्या किल्ल्यात फौजेवर खटला उभा राहिला, तिथंच फौजेचा बँड वाजला.

लखनौची नोकरी

ऑगस्ट १९४८ मध्ये नेहरूंच्या सांगण्यावरून राम सिंह लखनौला गेले आणि उत्तर प्रदेशच्या पीएसीत, म्हणजे प्रांतिक सशस्त्र पोलीस दलात, सब इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. काम बँडमास्तरचं. आपल्याकडून जाणारी पुष्पक एक्स्प्रेस जिथं थांबते ते लखनौ. कॅप्टनचा सब इन्स्पेक्टर झाला, पण वाद्य हातात राहिलं.

पुढची सव्वीस वर्षं ते तिथंच. या काळात नाट्य काही नाही. नवी भरती आलेली पोरं घ्यायची, फुंकायला शिकवायचं, ठोका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, पोलीस स्मृती दिन, मंत्र्यांचे दौरे. बँडचं काम असं असतं की उत्तम झालं तर कोणी वळून बघत नाही, एक जण बेसूर झाला तर सगळं मैदान वळून बघतं. १९५६ मध्ये राज्यपालांचं सुवर्णपदक मिळालं, १९७२ ला राष्ट्रपतींचं पोलीस पदक. १९७४ मध्ये निवृत्ती. राज्य सरकारनं त्यानंतरही त्यांना आजीवन मानद संगीतकार केलं. १९७९ मध्ये उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार.

१९९३ चा सिक्कीम सरकारचा मित्रसेन पुरस्कार त्यांच्या जास्त जवळचा असावा. मास्टर मित्रसेन हे नेपाळी लोकगीतांचे मोठे गायक, तेही धर्मशाळेकडचे आणि पहिल्या गोरखा रायफल्सचेच जुने शिपाई. पलटण सोडून गाण्याकडे गेलेले. एकाच पलटणीतली ही दोन माणसं.

इकडं चाल मात्र मालकाला सोडून कधीच पुढं निघून गेली होती. १९५० च्या 'समाधी' चित्रपटात आझाद हिंद फौजेची गोष्ट होती, नायक आपल्या खांडव्याचे अशोककुमार, नायिका नलिनी जयवंत, संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र. त्यात 'कदम कदम' होतं. पडद्यावर पाहून लोकांनी ते घरी नेलं.

हिशेब

१९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्रानं स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू केली. आझाद हिंद फौजेची माणसंही तिच्यात बसत होती. तरी राम सिंह यांना स्वातंत्र्यसैनिक मानायला केंद्र आणि राज्य, दोन्ही सरकारं तयार नव्हती आणि प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी कागदाला पुरावा लागतो हे ठीक. पण नेताजींचं पदक, फौजेचा हुद्दा, लाल किल्ल्यावरचं वादन एवढं सगळं असलेल्या माणसाकडे आणखी कसला पुरावा मागायचा? समारंभाला बोलवायचं, व्हायोलिन वाजवून घ्यायचं, शाल द्यायची आणि फाइल मात्र खाली ठेवायची. पेन्शनच्या खिडकीवर उभं राहिलेल्या कोणाही म्हाताऱ्याला हे नवं वाटणार नाही.

पैशापेक्षा नावाचा प्रश्न त्यांना जास्त सलत असावा. शेवटच्या वर्षांत नेताजींच्या जयंतीला आणि पंधरा ऑगस्टला त्यांची आठवण निघायची. ते टोपी घालून, पदकं लावून बसायचे आणि तेच व्हायोलिन खांद्यावर घ्यायचे.

१५ एप्रिल २००२ ला दीर्घ आजारानंतर लखनौला त्यांचं निधन झालं. वय ८७.

ज्या सैन्यानं फौजेच्या माणसांना परत घेतलं नाही, त्या सैन्यानं त्यांची धून मात्र घेतली. 'कदम कदम' आज भारतीय सैन्याच्या बँडची नेहमीची मार्च धून आहे. सैन्याचे बँडवाले शिकतात ते आपल्याच मध्य प्रदेशात, पचमढीला. तिथली लष्करी संगीत शाळा १९५० मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं सुरू झाली. ब्रासवाले असोत की पाइपवाले, देशभरातल्या पलटणींतून शिकायला येणाऱ्या जवानांना ही धून पाठ असते.